चुना न धरणारी जागा

परवा पाळकसाहेब घरी आले होते. नवे, तरुण, ज्यांच्याबद्दल तुम्ही म्हणायचात, "पोरगं गुनी हाय, पन प्रार्थना अशी करते जसं देवाले कमी आयकू येते." चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्या गुडघ्याची, बीपीच्या गोळ्यांची, अंगणातल्या लिंबाची चौकशी केली, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, वेदीमागच्या भिंतीला टाइल्स लावायचं मंडळीनं ठरवलंय. तुमची काही हरकत?" ठरवल्यावर मला कशाला विचारता, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. त्या भिंतीवर एक जागा अशी आहे की तिथे चुना धरत नाही, आणि चुन्याखालून आपल्या पोरीचं, रिबकाचं नाव वर येतं. टाइल्स लागल्या की ते कायमचं गेलं. येत्या रविवारी सांगते, म्हटलं आणि दार लावून घेतलं.

आता हे विचारायचं कोणाला? आयुष्यभर तुमचं प्रत्येक गोष्टीत मत असायचं. माझ्या साडीचा रंग, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, शेजाऱ्याच्या गेटवरची पाटी, कशातही तोंड घालायचात. आणि आता एकदा खरंच मत हवं होतं तर तुम्ही नाल्यापलीकडच्या मातीत जाऊन पडलात. मला तुमचा राग येतो. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा रागच येतो, रडू नंतर येतं.

त्या भिंतीवर रडायची पद्धत तुम्हीच पाडलीत. सलोमी मावशीचा मुलगा विहिरीत पडून गेला, त्या वर्षीची गोष्ट. उत्तम शुक्रवारची उपासना संपून सगळे उन्हातून घरी निघाले आणि मावशी बाकावर तशीच बसून राहिली. "मले प्रार्थना येत नाही आता," ती म्हणाली. "तोंड उघडलं का शिव्याच येतात." तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या चुन्यासाठी बादल्या आणून ठेवत होतात. ईस्टरच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना लागायचाच. "मंग शिव्या सांग न मावशे," तुम्ही म्हणालात, "मी लिवतो. उद्या चुना लागनारच हाय, कोन पाह्यते?" मी तुम्हाला डोळ्यांनी दटावत होते. तुम्ही घरी जाऊन काजळी आणलीत, डिंकाच्या पाण्यात कालवलीत, आणि ब्लेडनं तिरपा कापलेला तो चपटा ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिलात.

मावशीनं सांगितलं, "लिव, देवा, माह्यं लेकरू बुडत होतं तवा तू कुठं होता?"

तुम्ही लिहिलंत. एकेक अक्षर हातभर. उभी रेघ जाड आणि वेलांटी खाली येताना केसाएवढी बारीक. मेडशीच्या स्टँडवर तुम्ही रंगवलेल्या पाट्या मी रोज बघत होते, कृषी केंद्राच्या, सायकल दुकानाच्या, पण ते हे अक्षर नव्हतं. मग तुम्ही मावशीला विचारलंत, "त्याच्या हातात काय राहे?" ती म्हणाली, "गोफन." ओळीच्या शेजारी तुम्ही गोफण काढलीत, दगड सुटायच्या आधीची, ताणलेली. मावशी उठून भिंतीपाशी गेली आणि दोन्ही तळहात त्या ओलसर काजळीवर ठेवून मोठ्यानं रडली. तिचे हात काळे झाले आणि तुमची अक्षरं फिसकटली. आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर शाई सांडली म्हणून दिवसभर रुसलेला माणूस तुम्ही, पण तेव्हा शांतपणे ब्रश पुसत राहिलात.

पुढच्या वर्षी लोक आपणहून थांबले. कोणी "माह्या डोयातलं पानी वाळलं" एवढंच सांगायचा, कोणी नुसतं नाव. तुम्ही कोणाला कसं वाटतं म्हणून विचारलं नाहीत. हातात काय राहायचं, एवढंच विचारायचात, आणि तेच काढायचात. विळा, तंबाखूची डबी, बाळाचा खुळखुळा. एका पाळकांना हे आवडलं नव्हतं. वेदीच्या मागे देवाविरुद्ध तक्रारी बऱ्या दिसत नाहीत म्हणाले. तुम्ही म्हणालात, "साहेब, स्तोत्रात याच्याहून वाईट बोलेल हाय." ते खरंच होतं. एक स्तोत्र असं आहे की ते अंधारातच संपतं, पुढे उजेड येतच नाही. ते तुम्हाला पाठ होतं. पाळक बदलून गेले आणि पद्धत राहिली.

शनिवारी संध्याकाळी पोरं दोन हात चुना मारायची. रविवारी पहाटे मंडळी आत यायची तेव्हा भिंत कोरी पांढरी असायची. नव्यानं आलेला कोणी हळहळला, की एवढं सुंदर पुसता कशाला, तर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "पुसाले पायजेच. नाही पुसलं त रविवार येईन कसा?" मला हे वाक्य फार आवडायचं. माझी पाळी येईपर्यंत आवडायचं.

रिबकाचं दुखणं तुमच्याकडून अर्धं आणि माझ्याकडून अर्धं आलं. रक्तातल्या त्या सिकलसेलचं असंच असतं, दोघांनी दिल्याशिवाय लेकराला होत नाही. डॉक्टरांनी हे कागदावर गोल काढून समजावलं तेव्हा आपण एकमेकांकडे बघितलं नाही. एकाचीच चूक असती तर भांडता तरी आलं असतं. ती दुखण्यात वाकडी व्हायची, हाडं आतून कोणी पिळतंय म्हणायची, आणि तुम्ही चुलीवर पाणी ठेवून शेकायची रबरी पिशवी भरायचात. मी किन्हीराजाच्या शाळेत शिकवून एसटीनं येईपर्यंत तुम्ही कितीदा भरलेली असायची, कोण जाणे. बरी असली की मात्र पोट्टी चर्चमध्ये खंजिरी अशी वाजवायची की म्हाताऱ्याही ठेका धरायच्या. अकोल्याच्या दवाखान्यात ती गेली तेव्हा बारावीची परीक्षा तोंडावर होती. तिचं हॉलतिकीट घ्यायला या म्हणून कॉलेजचा फोन आला, तो तुम्हीच घेतला होता. "येतो," म्हणालात.

तिच्या कबरीवरच्या क्रुसावर "प्रभूमध्ये निद्रिस्त" लिहायला तुम्ही नकार दिलात. गावातल्या सगळ्या क्रुसांवर तुम्हीच तो शब्द लिहिला होता, सुंदर लिहिला होता. पण तिच्या वेळी ब्रश खाली ठेवलात आणि म्हणालात, "निजेल लेकरू उठते. चा मांगते. हे उठनार हाय का?" लोकांना वाटलं दुःखानं बोलताय. मलाही तसंच वाटलं. नुसतं नाव लिहून तुम्ही परत आलात.

त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी मी चर्चला आले नाही. घरीच बसले. तुम्ही संध्याकाळी उशिरा परतलात, हात धुतलेत, जेवला नाहीत. शनिवारी मी बघायला गेले. सगळ्यांच्या ओळींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, तुम्ही "रिबका" लिहिलं होतं आणि शेजारी काढली होती शेकायची पिशवी. मला इतका संताप आला. "एवढी गोड पोरगी होती, अन् तुमाले तिचं दुखनंच आठवलं?" मी म्हणाले. "खंजिरी काहून नाही काढली?"

"हातात काय राह्यचं तेच काढतो मी."

"खंजिरी नोती का हातात?"

"खंजिरी सगळ्याइनं पाह्यली," तुम्ही म्हणालात. "हे आपन दोघानंच पाह्यलं."

हे भांडण तिथेच अर्धवट राहिलं, कारण तेवढ्यात पोरं चुन्याच्या बादल्या घेऊन आली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. एवढं नाव राहू द्या म्हणाले, वर्षभर राहू द्या. पोरं तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही माझा दंड धरून मला बाजूला केलंत, कुंचा घेतलात आणि तिच्या नावावर स्वतःच्या हातानं चुना फिरवलात. "पुसाले पायजे," म्हणालात, पण माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं गायलात. प्रभू उठला म्हणून गात होतात आणि मी तुमच्या शेजारी उभी राहून तुमचा द्वेष करत होते. एवढ्या लवकर सावरणारा माणूस माझ्या घरात राहतो, असं वाटलं.

आठवड्याभरातच तिथला चुना तडकला. पापुद्रे सुटून खाली पडले आणि "रि" दिसायला लागली, मग पिशवीचं झाकण, मग सगळंच. लोक गोळा झाले. सलोमी मावशीनं बोट लावून पाहिलं आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "ओल हाय भिंतीले. बाकी काही नाही." भर उन्हाळ्यात ओल! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पेंटरची बायको, मी बोट लावलं नाही तरी मला कळलं. काजळीवर चुना बसतो, ऑईल पेंटवर तो कधी धरत नाही. टर्पेंटाइनचा वास शुक्रवारी चर्चभर सुटला असणार आणि तो प्रत्येकाला आला असणार. त्या दिवसापासून अख्खी मंडळी त्या जागेला ओलीची जागा म्हणते. या लोकांचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही.

मी तुम्हाला काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाहीत. वर्षभर ती भिंतीवर दिसायची. ईस्टरच्या शनिवारी तुम्ही तिथे चुना मारायचात, रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन निघालेले पापुद्रे पुन्हा लिंपून यायचात, आणि मग शेजारी उभे राहून मोठ्यानं गायचात. मी मनाशी एक हिशेब बसवला होता. त्या एका शुक्रवारी माणसाचा हात ढळला असेल, बाप आहे, तेवढं चालायचंच, पण त्यानंतरचा प्रत्येक रविवार खरा आहे. माझा विश्वास अकोल्याच्या दवाखान्यातच गेला होता. तुमचा होता, म्हणून घर चालत होतं. रविवारी उठायचं, चहा टाकायचा, पांढरं पातळ नेसायचं, हे सगळं मी तुमच्या आवाजाच्या भरवशावर केलं. कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही बेसूर गायचात हेही कधी बोलून दाखवलं नाही, आता सांगते.

यंदा ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले आणि तुमची उजवी बाजू गेली. हात गादीवर पडलेला असायचा आणि तुम्ही त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखे बघायचात. जीभ जड झाली होती. एका दुपारी दवाखान्यात मी पेज भरवत होते तेव्हा तुम्ही चमचा तोंडानंच बाजूला सारलात आणि म्हणालात, "चुना... यंदा तू लावशीन?"

तेव्हा मी विचारायला हवं होतं. काहून लिहिलं ऑईलनं? ती भेटणार आहे असं तुम्हाला वाटतं की नाही, खरं सांगा. सगळं अगदी जिभेवर होतं आणि वॉर्डात कोणी ऐकणारंही नव्हतं. मी म्हणाले, "लावीन. तुमी पेज घ्या." तुम्ही पेज घेतलीत. मग परत बोलणं झालंच नाही.

तुमच्या क्रुसावरची अक्षरं रेडियमची आहेत. वाशीमहून मशीनवर कापून आणली, चकचकीत आहेत, रात्री गाडीचा उजेड पडला की चमकतात. आणि हो, "प्रभूमध्ये निद्रिस्त" असंच आहे. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? गावात दुसरा पेंटर नाही. फ्लेक्स आल्यापासून कोणाला लागतही नव्हता.

उत्तम शुक्रवारी लोक सवयीनं मागे थांबले. कोणीतरी माझ्या हातात ब्रश दिला, बाईंचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. मी लिहिलं. थोड्याच वेळात भिंत चौथीच्या वर्गातल्या फळ्यासारखी दिसायला लागली, सगळी अक्षरं सरळ, एका मापाची, कोणाच्याही दुःखाची न वाटणारी. तरी लोक समजूतदारपणे रडले. शेवटी सलोमी मावशीनं मला विचारलं, "पेंटरच्या हातात काय राहे व?" सगळ्यांना उत्तर माहीत होतं. माझ्या हातातच होतं ते. ब्रश धरून ब्रश काढायचा, मला झालं नाही. मी हात धुऊन घरी आले.

शनिवारी पोरांनी सगळी भिंत पांढरी केली आणि तो कोपरा माझ्यासाठी सोडला. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून मी कुंचा घेतला. चुना लावायच्या आधी जुने पापुद्रे काढावेत म्हणून तळहात फिरवला, आणि हात अडखळला. तुमची अक्षरं भिंतीच्या वर आली होती. नखानं कड चाचपली तर रंगाचा थर बोटाला लागेल इतका जाड. एकदा लिहिलेलं एवढं जाड होत नाही, हे मला कळतं हो. तुम्ही दर वर्षी लिहीत होतात. दर उत्तम शुक्रवारी, सगळ्यांची काजळी लिहून झाल्यावर, सगळे गेल्यावर, तिच्या त्याच नावावरून, पिशवीवरून तोच ब्रश पुन्हा फिरवत होतात. आणि शनिवारी माझ्यासमोर त्यावर चुना मारत होतात.

म्हणजे एकाही वर्षी हात सावरला नव्हता. मी ज्याच्या भरवशावर होते तो तुमचा विश्वास नव्हताच. आपण दोघं एका घरात राहून, एका बाकावर बसून, एकाच पोरीसाठी वेगवेगळे रडलो. खंजिरी का नाही काढली म्हणून मी तुमच्याशी भांडले, आणि तुम्हाला ती पिशवी दर वर्षी पुन्हा भरावी लागत होती. मला एकदा सांगितलं असतंत तर मी रंगाचा डबा धरला असता. मग दवाखान्यात चुना लावशील का म्हणून कोणासाठी विचारलंत? लोकांना रविवार मिळावा म्हणून? की माझ्यानं तरी पुसलं जावं म्हणून?

मी चुना लावला. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पापुद्रे लिंपले. ते लिंपता लिंपता सुटत होते आणि मी पुन्हा लिंपत होते. मंडळी आली, भिंत पांढरी होती, पाळकसाहेबांनी देवाला ऐकू जाईल असं सांगितलं की प्रभू उठला. सगळे गायले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि माझे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तुमच्यासारखं करून बघावं, मोठ्यानं गावं, कोणाला तरी त्याचा आधार होईल, असं मनात आलं. मी खरंच प्रयत्न केला. शेवटी गीतांचं पुस्तक मिटून उभी राहिले.

आज रविवार. सकाळी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना सांगून आले, लावा टाइल्स. ते म्हणाले, एक टाइल सोडून तिथे ग्रॅनाइटची पाटी बसवू, पेंटरसाहेबांचं आणि रिबकाचं नाव कोरून, मंडळीच्या वतीनं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, मिस्त्री आधी छिन्नीनं प्लास्टरला, त्या नावालाही, टाचे मारतो, नाहीतर टाइल धरत नाही, तुम्हाला चालेल ना? चालेल, म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, बाईंनी सगळं प्रभूवर सोपवलं. माझा हात धरून म्हणाले, तुमचा विश्वास मोठा आहे.

तसं काही नाही हो. दर वर्षी ते नाव लिहायला आता तुम्ही नाही, आणि त्यावर चुना मारून गाणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून टाइल्स. तुम्हाला निदान ढोंग तरी करता येत होतं. मला तेही येत नाही.